एक्स्प्रेसची उजवी टाच

पहाटे साडेपाचला समोरच्या लाँड्रीचं दार कुरकुरायचं, कडी खटकन पडायची आणि गल्लीतून पावलं निघायची. टप टप टप टप, अगदी लयीत. मी उभं आयुष्य रंगमंचाच्या फळ्यांवर काढलं. विंगेत डोळे मिटून उभा असलो, तरी मागून कोण येतंय, ते वाक्यं विसरून येतंय की भांडून येतंय, हे मी नुसत्या पावलांवरून सांगायचो. त्यामुळे त्या सकाळी अंथरुणातच माझे कान टवकारले. टप, ट. टप, ट. उजवं पाऊल पुरतं टेकत नव्हतं. मी स्वतःशीच म्हटलं, एक्स्प्रेसचं काहीतरी बिनसलंय.

एक्स्प्रेस म्हणजे लाँड्रीवाल्याची बायको. हे नाव कोपऱ्यावरच्या दूधवाल्यानं ठेवलं आणि गल्लीनं उचललं. चाळिशीची बाई, अंगानं काटक, केसांचा घट्ट बुचडा, नवऱ्याचा जुना शर्ट आणि पायांत निळे बूट. लाँड्रीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, टाकीला एक वळसा घालायचा आणि परत यायचं. चाळीस मिनिटं. सात वर्षांत तिचा हा नेम चुकला तो फक्त सासरे वारले तेव्हा आणि दोनदा ताप आला तेव्हा.

लाँड्री म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढे दुकान, मध्ये प्रेस, मागे घर. दुकानात काउंटर, मागे हँगरची रांग आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक. त्या बाकावर गेली तीस वर्षं माझी हक्काची जागा आहे. माझे राजाचे झगे इथेच प्रेस व्हायचे. जरीचा काठ जळू न देता मखमल उभी करायची कला या गावात एकाच बाईकडे होती, ती म्हणजे लाँड्रीवाल्याची आई. ती मला अजून 'राजे' म्हणते. राज्य गेलं, झगे गेले, आता माझ्याकडे दोन शर्ट आणि एक कोट उरलाय. पण मी दुकानात पाऊल टाकलं की आतून हाक येतेच, "या राजे, कोणाला जिंकून आलात आज?"

मधल्या खोलीला खिडकी नाही. छताजवळ एक झरोका आहे, त्यातून शेजारच्या भिंतीची वीतभर वीट दिसते. त्या खोलीत ते यंत्र उभं आहे. खाली गादी घातलेला लोखंडी पाट, वर तसाच जबडा. कपडा पाटावर पसरायचा, उजव्या पायाच्या चवड्यानं पेडल दाबायचं. जबडा खट्कन मिटतो, वाफ फुस्स करते. चार मोजेपर्यंत पाय तसाच दाबून धरायचा, टाच अधांतरी. मग सोडायचं. दिवसाला असं पाचशे-सहाशे वेळा. पेडलच्या लोखंडाला मधोमध खळगा पडलाय, बरोबर चवड्याच्या आकाराचा. आधी बावीस वर्षं त्यावर सासूचा पाय होता, नंतर अकरा वर्षं सुनेचा.

तीस वर्षं मी त्या बाकावरून तो खळगा बघत होतो. दिसायचा, पण कळला नाही. म्हणून दुसऱ्या कुणाला बोल लावायचा मला अधिकार नाही.

तिचं धावणं सुरू झालं तीही गंमतच. एकदा एक गिऱ्हाईक कोट काउंटरवर विसरून बसस्टॉपकडे गेलं. नवरा बॉयलरजवळ होता, म्हणून ही कोट हातावर घेऊन पळाली. बस सुटली होती. ही बसच्या मागे पळत सुटली आणि पुढच्या थांब्यावर बस गाठून खिडकीतून कोट आत दिला. परत आली ती धापा टाकत, लालबुंद होऊन, पण चेहरा असा की जणू पडदा पडल्यावर प्रेक्षक उठायलाच तयार नाहीत. नंतर तिनं मला सांगितलं, "काका, परत येताना मला कळलं की पाव तास मला कुणी हाकच मारली नव्हती. वाफ कमी झालीय का बघ, चहा टाक, चारशे बारा नंबरच्या पावतीची घडी कुठाय, काही नाही. मला वाटलं, हे रोज मिळायला हवं."

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठायला लागली. एकदा दहा किलोमीटरची शर्यतही पुरी केली. त्याचं पदक पावत्यांच्या खिळ्याला टांगलंय. गिऱ्हाइकांनी विचारलं की नवरा सांगतो, "आमच्या हिचं." एरवी तो धावण्याबद्दल एवढंच म्हणायचा, "कोण मागे लागलंय तुझ्या?"

तर ती टाच. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कुणीतरी खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. भिंत धरून पाच-दहा पावलं टाकली की जरा सैल पडायचं, धावायला लागल्यावर तर विसरायलाही व्हायचं. म्हणून तिनं दोन महिने कुणाला काही सांगितलं नाही. पण गल्लीपासून काय लपतं? दूधवाल्यानं एका सकाळी हाळी दिली, "काय हो वहिनी, एक्स्प्रेसची पॅसेंजर झाली?"

"सिग्नल लागलाय," ती न थांबता म्हणाली. "तुम्ही दुधात पाणी घालणं थांबवा, मी लंगडणं थांबवते."

मग उपायांची रांग लागली. कोमट पाण्यात मीठ, तेलानं मालीश, टाचेखाली रबरी गादी, नवे बूट. नवऱ्यानं जुने बूट उलटे करून दाखवले. "बघ, उजवा जास्त झिजलाय. हे सगळं पळण्याचं." सासू आतून म्हणाली, "देवानं पाय चालायला दिलेत बाई. पळायचं असतं तर चार दिले असते." सगळे हसले. तीही हसली.

शेवटी ती डॉक्टरांकडे गेली. तिथं काय झालं ते तिनंच मला बाकावर बसून, शर्टाची घडी घालता घालता सांगितलं. डॉक्टरांनी टाचेच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला, तशी कळ मस्तकात गेली. तळव्यातली शीर सुजलीय म्हणाले.

"रोज किती धावता?"

"चाळीस मिनिटं."

"नोकरी करता?"

"नाही. घरीच असते."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. सहा आठवडे धावणं बंद. पाण्याची बाटली बर्फात गोठवून तळव्याखाली फिरवायची, पायरीवर उभं राहून पोटऱ्या ताणायच्या, अनवाणी चालायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही. त्या शेवटच्या सूचनेवर ती म्हणे मान डोलावून उठली. मला हे सांगतानाही तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि ऐकताना मलाही नाही. प्रेस ही काय नोकरी होती? ते तर घरच होतं, फक्त मधल्या खोलीतलं.

तिनं सगळं नेटानं केलं. निळे बूट वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवले. पण साडेपाचला जाग यायचीच. मग ती दुकानाच्या पायरीवर बसायची, तळव्याखाली गार बाटली मागे-पुढे फिरवत, गल्लीकडे बघत. माझ्या खिडकीतून ती दिसायची. समोर रस्ता मोकळा, दिवे अजून विझले नाहीत, खांबामागे खांब टाकीपर्यंत गेलेले, आणि ही उंबऱ्यावर, एक पाय बाहेर सोडून दुसरा आत ठेवलेली. मी आयुष्यात कैद्यांच्या दोन भूमिका केल्या, टाळ्याही घेतल्या. पण कैदी असा बसतो हे मला तेव्हा कुणी दाखवलं नव्हतं.

आणि झालं काय, की मोकळी जागा दिसली की घरात लगेच काहीतरी येऊन बसतं. दुसऱ्या आठवड्यात नवरा खुशीत म्हणाला, "सकाळी तू आता मोकळीच असतेस ना? बॉयलर साडेपाचलाच पेटवू." तिसऱ्या आठवड्यात त्यानं एका हॉटेलचं काम घेतलं. टेबलावरच्या पांढऱ्या चादरी, रोज ऐंशी. माणूस वाईट नाही हो. त्याचा हिशेब साधा होता, रिकामा वेळ दिसला, त्यानं भरला. पण तिची चाळीस मिनिटं आता त्या चादरींखाली गेली. पाय बरा झाला तरी कुठल्या वेळात धावायचं, हा प्रश्न तिनं विचारला नाही, पण तिच्या हातातल्या चादरी मी बघत होतो. कोपरे जुळत नव्हते. तिचे कोपरे आणि जुळत नाहीत!

पाचवा आठवडा सरला. टाचेचं दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलं. आता संध्याकाळीही दुखायला लागलं. नवऱ्यानं निकाल दिला, "सात वर्षं पळून आलेलं दुखणं सहा आठवड्यांत कसं जाईल? आता बंद म्हणजे बंदच कर. कायमचं. वय झालं आपलं." तो हे मायेनं म्हणाला, म्हणून ते जास्त भयंकर होतं. रागाला उत्तर देता येतं. मायेनं दार लावलं की कडी कुठून काढायची?

त्याच आठवड्यातली गोष्ट, तिनंच मला नंतर सांगितलेली. सकाळी मागच्या खोलीत ती जमिनीवर बसून बाटली फिरवत होती. समोर खाटेवरून सासू उठली. ती रोजच उठायची, पण रोज ही त्या वेळी बाहेर असायची. गेली सात वर्षं धावायला, आणि हे पाच आठवडे पायरीवर नाहीतर प्रेसपाशी. त्या दिवशी बाहेर गारठा होता म्हणून आत बसली होती. तिनं पाहिलं. म्हातारीनं खाटेचा खांब धरला, उजवा पाय टेकवला, ओठ आवळले, आणि पहिली तीन पावलं तळव्याच्या बाहेरच्या कडेवर टाकली. अगदी हिच्यासारखी. जणू हिनंच तिची तालीम घेतली असावी.

"आई, पाय दुखतो तुमचा?"

"वय झालं गं."

"वय दोन्ही पायांचं झालंय. उजवाच का दुखतो?"

सासूनं खाटेखालची चप्पल पायानं ओढली.

"कुठं दुखतं? टाचेत? आतल्या बाजूला?"

"हो."

"कधीपासून?"

"तू यायच्या आधीपासून," म्हातारी म्हणाली आणि चूळ भरायला निघून गेली.

मी त्या दिवशी कोट घेऊन दुकानात गेलो तेव्हा अकरा वाजले असतील. नेहमीची हाक आली नाही. नवरा काउंटरवर पावत्या लावत होता. मधल्या खोलीचं दार उघडं होतं. ती यंत्रापुढे उभी होती, पाटावर चादर, जबडा वर. खट् नाही, फुस्स नाही. पाय पेडलवर होता, पण ती दाबत नव्हती. खाली बघत होती, त्या खळग्याकडे.

"काय झालं? वाफ कमी झाली का?" नवऱ्यानं विचारलं.

"मी डॉक्टरांना खोटं सांगितलं," ती म्हणाली.

"काय खोटं?"

"त्यांनी विचारलं नोकरी करता का. मी म्हटलं, घरीच असते."

"मग? घरीच असतेस की!"

"अहो, मी दिवसाला सहाशे वेळा हे पेडल दाबते. अकरा वर्षं. चाळीस मिनिटं पळते ते सगळ्यांना दिसतं. नऊ तास इथं उभी असते ते मलाच दिसलं नाही."

"हे बघ, हे आपलं दुकान आहे. याला काय नोकरी म्हणतात?"

"म्हणूनच तर सांगायचं सुचलं नाही."

नवरा हसला. माझ्याकडे बघून म्हणाला, "ऐका काका. पळून पाय मोडला, आणि आळ यंत्रावर." मी राजाच्या भूमिका केल्या, पण न्यायाच्या प्रसंगात मला नेहमीच घाम फुटायचा. मी कोटाचं बटण चाचपत राहिलो.

तेवढ्यात मागच्या खोलीतून सासू आली. काठी टेकत, एक पाऊल, दुसरं पाऊल. मोठमोठ्या नटांना अशी एंट्री जमत नाही. ती मुलासमोर थांबली, उजव्या पायातली चप्पल काढली आणि पाय थोडा पुढे केला.

"हा पाय किती पळालाय सांग."

"आई, तू कशाला मध्ये..."

"सांग ना. घरापासून दुकान, दुकानापासून घर. चार पावलं. माझी टाच कशानं गेली?"

त्यानं हातातल्या पावत्या खाली ठेवल्या. मग म्हणाला, "तू कधी बोलली नाहीस."

"कुणाला बोलू? तुझ्या वडिलांना गिऱ्हाईक होतं, तुला शाळा होती. मग ही आली. हिला मी इथं उभं केलं, पाय कुठं ठेवायचा ते दाखवलं, आणि मी सुटले." म्हातारीचा आवाज जरा खाली आला. "सुटले म्हणून गप्प बसले. ही लंगडायला लागली तेव्हाच मला कळलं होतं. तरी पळू नकोस म्हणाले. माझं चुकलं."

सुनेनं पेडलवरून पाय काढला, स्टूल ओढलं आणि सासूला बसवलं. स्वतः उभीच राहिली. सवय.

ती दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे गेली. या वेळी सासू बरोबर. डॉक्टरांनी कागद काढला. ही म्हणाली, "त्यात खोडा. नोकरी करते. लाँड्रीत. अकरा वर्षं." मग काम कसं असतं ते दाखवायला तिनं टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्याचं पेडल दाबलं. झाकण उघडलं. "असं. टाच वर. एक, दोन, तीन, चार. मग सोडायचं." झाकण पडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा उघडलं. सासू शेजारून म्हणाली, "माझी बावीस वर्षं धरा." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं म्हणे. मग सांगितलं की या पायानं पेडल बंद. ते थांबलं, तर तीन आठवड्यांनी थोडंथोडं धावायला हरकत नाही.

थोडंथोडं धावायला हरकत नाही. हे वाक्य तिनं मला चार वेळा ऐकवलं.

नवरा फुगून बसला होता. पण आईनं चप्पल काढून दाखवल्यापासून त्याच्या बोलण्यातला जोर गेला होता. म्हणाला, "महिनाभर मी बघतो प्रेस. त्यात काय आहे?" आणि तो उभा राहिला. पहिल्याच दिवशी तीन विजारींना दोन-दोन घड्या पडल्या. एका वकिलानं विजार उचलून विचारलं, "हिला किती पाय आहेत?" डाव्या पायानं दाबून बघितलं, तर तोल जाऊन तो पाटावरच रेलला आणि शर्टाची बाही भाजली. लोहाराला बोलावलं. त्यानं यंत्राभोवती फेरी मारली आणि डोकं हलवलं. जुनं लोखंड, पेडल हलवलं तर जोड तुटेल. स्टुलावर बसून पाय पोहोचत नाही. ते यंत्र माणसाचा उजवा पाय मागतं, बस्स.

अठराव्या दिवशी पहाटे मी जागाच होतो. दुकानाचं दार उघडलं, नवरा बॉयलर पेटवायला बाहेर आला. मी कान दिला. टप, ट. टप, ट. मी अंथरुणात उठून बसलो. चाल तीच, नट बदललेला.

त्या दिवशी सकाळी आतून सासूचं हसू ऐकू आलं, मग तेही थांबलं. मी गेलो तेव्हा तिघं मधल्या खोलीत होती. पेडल एक, पाय तीन, आणि तीनही आता एकाच जातीचे. नवरा टाच चोळत म्हणाला, "अकरा वर्षं?" बायको म्हणाली, "अकरा." त्यानं आईकडे बघितलं नाही. बावीसचा आकडा त्याला विचारवला नसावा.

दुपारी तो स्वतः हॉटेलात जाऊन चादरींचं काम सोडून आला. पेडल कायमचं सोडणं तिला परवडणारं नव्हतं, म्हणून वाटणी अशी ठरली, तीन आठवडे सरले की सकाळी दोन तास ती, मग तो, मग परत ती. काउंटर सासूनं खुर्चीत बसून बघायचा. सुटका म्हणावी असं यात काही नव्हतं. यंत्र तिथंच होतं, झरोक्यातली वीट तेवढीच होती, आणि तिला टाच घेऊन रोज त्या खळग्यापाशी जायचं होतंच. फक्त आता ती तिथं एकटी नव्हती. पहाटेची चाळीस मिनिटं मात्र कुणी मागितली नाहीत.

तीन आठवडे पुरे झाले त्या सकाळी मी खिडकीत खुर्ची ओढून बसलो. ती पायरीवर निळ्या बुटांची नाडी बांधत होती. बांधली, सोडली, परत बांधली. मागे सासू दाराला धरून उभी.

"टाकीपर्यंत नको हं," सासू म्हणाली.

"नाही. चौथ्या खांबापर्यंत. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मी इथंच उभी आहे."

"आई, बसा. टाच आहे तुम्हाला."

"तू जा गं."

ती निघाली. हळू, चालण्याहून जेमतेम जास्त. मी कान लावला. टप, टप. टप, ट. टप, टप. बरं नव्हतं अजून. पण दहातली सहा पावलं पुरती टेकत होती, आणि माझ्यासारख्या जुन्या माणसाला तेवढं प्रेक्षागृह भरल्यासारखं होतं. दूधवाल्यानं सायकल थांबवली, तोंड उघडलं आणि मिटलं. पहिला खांब, दुसरा, तिसरा. मग वळणामुळे मला दिसेना.

आतून नवऱ्याची हाक आली, "आई, ती आली का? वाफ तयार आहे."

"येईल," म्हातारी म्हणाली. "थांब जरा."

मला वाटलं त्याहून जास्त वेळ लागला. म्हातारी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. मग पावलं ऐकू आली. ती घामानं निथळत पायरीशी आली, दाराची चौकट धरली आणि उजवा पाय हळूच उचलून धरला.

"दुखतंय?"

"दुखतंय."

"उशीर का झाला मग? चौथा खांब तो काय, इथं तर आहे."

ती खाली वाकून नाडी सोडायला लागली. चेहरा दिसेना, पण आवाज मला वरपर्यंत स्वच्छ आला.

"पाचव्यापर्यंत गेले होते."

सासूनं आत वळून मुलाला सांगितलं, "पहिले दोन तास आज तू उभा राहा रे," आणि खुर्ची ओढून काउंटरवर जाऊन बसली.